बाल्टिक देश आपले रूळ पोलंडच्या गेजचे (म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराचे) का करून घेत नाहीत?
एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुआनिया जुने रूळ सरकवण्याऐवजी पोलंडशी जुळणाऱ्या १४३५ मिलिमीटर गेजचा, सुमारे ८७० किलोमीटरचा ‘रेल बाल्टिका’ हा स्वतंत्र मार्गच बांधत आहेत. कारण जुना गेज १५२० मिलिमीटरचा, म्हणजे फरक अवघा ८५ मिलिमीटर. रुळाचा तळच साधारण १५० मिलिमीटर रुंद असल्याने एकाच मार्गावर दोन्ही गेज चालवायला लगत तिसरा रूळ बसत नाही, चार टाकावे लागतात. शिवाय काँक्रीटच्या स्लीपरमध्ये (रुळांखालच्या आडव्या तुळयांमध्ये) रूळ पकडणाऱ्या क्लिपांच्या जागा ओतकामातच ठरत असल्याने रूळ आत घ्यायचा तर बहुधा स्लीपरही बदलावे लागतात आणि तोवर त्या मार्गावरील वाहतूक बंद ठेवावी लागते. मात्र जुने जाळे १५२० वरच राहणार असल्याने दोन्ही गेज भेटतात तेथे माल उतरवून पुन्हा चढवण्याचा किंवा बोगी (डब्याखालची चाकांची चौकट) बदलण्याचा खर्च टळत नाही, आणि तो हिशेबात धरलाच पाहिजे.