पिंजऱ्यातला कागद फेकण्यापूर्वी : पक्ष्यांच्या विष्ठेविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्याकडे बजींची (छोट्या पाळीव पोपटांची) जोडी आहे. त्यांची विष्ठा एके दिवशी हिरवी, तर दुसऱ्या दिवशी तपकिरी दिसते. नेमकी कोणती निरोगी समजावी? (सांगली)

दोन्ही निरोगी असू शकतात. पक्ष्यांमध्ये शौच आणि लघवी यांची वाट एकच असते, त्यामुळे आपण जिला सरसकट विष्ठा म्हणतो ती तीन गोष्टींची मिळून झालेली असते : आतड्यातून आलेला हिरवा किंवा तपकिरी घट्ट भाग, मूत्रपिंडाने बाहेर टाकलेल्या युरिक आम्लाचा पांढरा भाग, ज्याला युरेट म्हणतात, आणि भोवती पसरणारी थोडीशी स्वच्छ पाण्यासारखी लघवी. बजीची निरोगी विष्ठा बघितली तर वळलेल्या बारीक दोरीसारखा गडद भाग आणि त्याच्या मध्यावर किंवा कडेला ठेवलेला चुन्याचा ठिपका असे तिचे रूप दिसते. घट्ट भागाचा रंग खाण्याबरोबर बदलतो. राळे आणि बाजरी खाणाऱ्या पक्ष्याची विष्ठा हिरवट असते, पालक-कोथिंबीर दिल्यावर ती गर्द हिरवी होते, बीट दिल्यावर लालसर होते आणि रंगीत तयार खाद्य दिले तर त्या खाद्याचाच रंग तिच्यात उतरतो. पांढऱ्या भागाने मात्र पांढरेच राहायला हवे. बीट किंवा रंगीत खाद्य दिल्यावर बाजूचा रंग उतरून त्यावर हलकी छटा येऊ शकते, परंतु असे काही दिलेले नसताना तो पिवळा किंवा हिरवा दिसू लागला तर त्याचे कारण बहुधा शरीराच्या आत असते. म्हणून माझा आग्रह असा की, रंग पाहायचा असेल तर आधी पांढऱ्या भागाचा पाहा.

हे दिसण्यासाठी पिंजऱ्याच्या ट्रेमध्ये लाकडाचा भुसा किंवा वाळू न घालता साधा पांढरा कागद घालावा आणि तो रोज सकाळी बदलावा. बजी दिवसाला सुमारे ३० ते ५० वेळा विष्ठा टाकतो. आठवडाभर कागद पाहिला की आपल्या पक्ष्याचा नेहमीचा आकडा आणि आकार डोळ्यांत बसतो, आणि पुढे त्यात झालेला बदल लगेच लक्षात येतो.

प्रश्न : आमच्या कॉकटेलला (तुरा असलेल्या छोट्या पोपटाला) उन्हाळ्यात काकडी आणि कलिंगड देतो. त्यानंतर विष्ठा अगदी पातळ होते. हा जुलाब आहे का? (पुणे)

बहुतेक वेळा नाही. कागदावर पाण्याचे मोठे वर्तुळ उमटले असेल, पण मधला घट्ट भाग आपला आकार राखून असेल, तर वाढलेली आहे ती लघवी. रसदार फळे, प्रवास, घाबरणे किंवा दवाखान्यात हाताळले जाणे यांमुळे असे होते आणि काही तासांत ते पूर्ववत होते. खरा जुलाब असेल तेव्हा घट्ट भागच विरघळल्यासारखा पसरतो, त्याला आकार राहत नाही आणि शेपटीखालची पिसे ओली होऊन चिकटतात. फळे बंद करून एक पूर्ण दिवस पाहावे. त्यानंतरही पाण्याचे वर्तुळ तेवढेच मोठे राहिले आणि पक्षी पाण्याच्या वाटीकडे सारखा जात असेल, तर मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह किंवा धातूची विषबाधा यांचा विचार करावा लागतो. विषबाधेच्या बाबतीत जस्ताचा मुलामा दिलेली स्वस्त जाळी कुरतडण्याची सवय मी नेहमी विचारून घेतो.

प्रश्न : दोन दिवसांपासून आमचा पक्षी पिसे फुलवून बसला आहे. विष्ठेचा पांढरा भाग पिवळट हिरवा झाला आहे. दुकानदाराने पाण्यात टाकायची पावडर दिली आहे. ती द्यावी का? (नाशिक)

देऊ नये, आणि हे उत्तर वाचताच पक्ष्याला पशुवैद्याकडे न्यावे. पांढरा भाग पिवळट हिरवा होणे ही यकृत बिघडल्याची खूण असते. त्यामागे जी कारणे असतात त्यांत सिटॅकोसिस हा जिवाणूजन्य रोग आहे, आणि तो पक्ष्यापासून माणसाला होतो. वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासावाटे गेली की घरातल्यांना ताप, तीव्र डोकेदुखी, कोरडा खोकला आणि प्रसंगी न्यूमोनिया होऊ शकतो. तोपर्यंत कागद पाणी शिंपडून ओला करूनच उचलावा, मास्क लावावा, लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांना त्या खोलीपासून दूर ठेवावे. घरात कोणाला ताप आला तर आपल्या डॉक्टरांना ‘घरी आजारी पक्षी आहे’ हे आपण होऊन सांगावे, कारण ते सहसा विचारले जात नाही.

पावडरीबद्दल मला इतके स्पष्ट लिहावे लागते त्याला कारण आहे. आजारी पक्षी पाणीच कमी पितो, त्यामुळे औषधाची मात्रा अपुरी पडते, रोग बरा होत नाही, मात्र नंतर केलेल्या तपासणीत जिवाणू सापडेनासे होतात. या रोगावर डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक साधारण ४५ दिवस द्यावे लागते, आणि त्या काळात पिंजऱ्यातला समुद्रफेस (कॅल्शियमसाठी टोचायला ठेवलेला पांढरा तुकडा) काढून ठेवावा लागतो, कारण कॅल्शियममुळे ते औषध शरीरात नीट शोषले जात नाही. पाकिटातल्या पावडरीबरोबर हे कोणी सांगत नाही.

प्रश्न : वाटीत खाणे भरलेले असते, पक्षी दाणे उचलतानाही दिसतो, पण विष्ठा कमी आणि काळपट हिरवी झाली आहे. (ठाणे)

ती वाटी हातात घ्या आणि तिच्यावर हलकी फुंकर मारा. माझ्याकडे आणलेल्या एका कॉकटेलची वाटी अशीच काठोकाठ भरलेली होती. फुंकर मारताच वरची सगळी टरफले टेबलावर उडाली आणि तळाला दाणा नव्हता. घरच्यांना वाटत होते की खाणे शिल्लक आहे, आणि पक्षी तीन दिवस उपाशी होता. याच्या उलटही घडते : आजारी पक्षी दाणा चोचीत घेऊन सोलतो, पण गिळत नाही. पोटात अन्न नसले की आतड्यातून केवळ पित्त उतरते, आणि म्हणून विष्ठा थोडी, गर्द हिरवी, चिकट होते. छातीचे मधले हाड बोटाला सुरीच्या पात्यासारखे लागत असेल तर उशीर झालेला आहे. स्वयंपाकघरातल्या ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर रोज एकाच वेळी वजन करा. ९० ग्रॅमच्या कॉकटेलचे ९ ग्रॅम घटणे ही गंभीर बाब आहे. विष्ठा डांबरासारखी काळी असेल तर मात्र आतड्याच्या वरच्या भागात रक्तस्रावाची शंका येते, आणि तिथे एक दिवसही थांबू नये.

प्रश्न : बजीच्या विष्ठेत अख्खे दाणे दिसतात. तो भरपूर खातो, तरीही वाळत चालला आहे. (अहिल्यानगर)

बजींमध्ये याचे एक नेहमीचे कारण म्हणजे जठरात वाढणारी एक बुरशी. ताजी विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर तिच्या लांब काड्या दिसू शकतात. तिच्यावर बुरशीनाशक औषध लागते, प्रतिजैविकाचा उपयोग होत नाही. एका तपासणीत ती सापडली नाही, तर काही दिवसांनी पुन्हा तपासणी करून घ्यावी.

प्रश्न : मादी बजीची विष्ठा अचानक खूप मोठी आणि दुर्गंधीयुक्त झाली आहे. (रत्नागिरी)

ती अंडी घालण्याच्या बेतात असेल किंवा अंड्यांवर बसली असेल तर हे स्वाभाविक आहे, कारण घरटे घाण होऊ नये म्हणून ती विष्ठा रोखून धरते. मात्र ती तळाशी बसून जोर करत असेल, पोट फुगलेले असेल आणि विष्ठा थांबली असेल, तर अंडे अडकले आहे असे समजून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

प्रश्न : ढाबळीतल्या चार कबुतरांची विष्ठा पाण्यासारखी झाली आहे आणि एकाची मान वाकडी झाली आहे. (कोल्हापूर)

पाण्याच्या डबक्यात बारीक घट्ट भाग आणि त्याच्या जोडीला मान पिळणे, दाणा टिपताना चोच चुकणे, ही पॅरामिक्सो विषाणूची ओळखीची लक्षणे आहेत. कोंबड्यांच्या राणीखेत रोगाच्या विषाणूचाच हा कबुतरांमधला प्रकार आहे. त्याला मारणारे औषध नाही, पण वेगळे ठेवून, खोलगट भांड्यात दाणे देऊन काही आठवडे सांभाळलेली कबुतरे सावरतात. उरलेल्यांच्या लसीकरणाविषयी पशुवैद्यांशी बोला. नवे कबुतर महिनाभर वेगळे ठेवल्याशिवाय ढाबळीत सोडू नका.

प्रश्न : तपासणीसाठी विष्ठा कशी न्यावी? (नागपूर)

कागदात शोषली गेलेली विष्ठा उपयोगाची नाही. ट्रेवर स्वच्छ प्लास्टिक अंथरा, त्यावर पडलेली ताजी विष्ठा झाकणाच्या छोट्या डबीत घ्या आणि दोन-तीन तासांच्या आत पोहोचवा. आपल्या शहरातले पशुवैद्यकीय महाविद्यालय, तसेच मुंबईत परळचे आणि साताऱ्याकडे शिरवळचे महाविद्यालय, ही जवळपासच्या वाचकांनी आधी चौकशी करावी अशी ठिकाणे आहेत. पक्ष्याला नेताना पिंजरा धुऊ नका, आदल्या दिवशीचा कागद तसाच ठेवा आणि तोही बरोबर आणा.