प्रयोगशाळेची खरेदी: बडोद्याच्या वाचकांचे प्रश्न

प्रयोगशाळांच्या खरेदीविषयी मागील अंकात प्रश्न मागवले होते. बडोद्याहून इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्यांच्यासाठीच राखून ठेवले आहे. पत्रलेखकांच्या विनंतीवरून त्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न: आमच्या रसायनशास्त्र विभागाला तीन वर्षांच्या केंद्रीय अनुदानित प्रकल्पात एचपीएलसी यंत्रासाठी (नमुन्यातले घटक वेगळे करून मोजणारे यंत्र) वीस लाख रुपये मंजूर आहेत. तीन निविदा आल्या. सर्वांत कमी दराच्या कंपनीचा सेवा अभियंता गुजरातेत नाही, मुंबईहून येतो. समितीतील लेखा विभागाचे सदस्य म्हणतात, एल-वन, म्हणजे सर्वांत कमी दराची निविदा, सोडता येणार नाही. मार्ग काय? (प्राध्यापिका, प्रतापगंज)

लेखा विभागाचे सदस्य नियमाला धरून बोलत आहेत. निविदेच्या सर्व अटी पूर्ण करणाऱ्यांमध्ये ज्याचा दर कमी त्याला काम मिळते, आणि अटींत जे लिहिलेलेच नाही त्याच्या आधारे कोणाला नाकारता येत नाही. आपल्या निविदेत सेवेची मुदत घातलेली असेल, तर कमी दराची कंपनी ती कशी पाळणार हे लेखी विचारावे आणि समाधानकारक उत्तर न मिळाल्यास तांत्रिक मूल्यमापनाच्या टिपणात तसे नोंदवावे. मुदत घातलेलीच नसेल, तर दोनच वाटा उरतात: आहे ते यंत्र घेणे, किंवा कारणे फाइलवर नोंदवून निविदा रद्द करणे आणि नव्याने मागवणे. यंत्राची निवड विनिर्देशाचा, म्हणजे यंत्र कसे हवे ते सांगणारा, कागद तयार होतो त्याच टेबलावर झालेली असते. दर उघडण्याच्या दिवशी तिच्यावर शिक्कामोर्तब होते, एवढेच.

म्हणून नव्याने निविदा काढायची झाल्यास तांत्रिक आणि दराचा असे दोन लिफाफे मागवावेत. विनिर्देश लिहिताना एखाद्या कंपनीचा कॅटलॉग समोर ठेवून त्यातले आकडे उतरवण्याची आपल्या विभागांतून फार जुनी सवय आहे, आणि दुसऱ्या कंपनीची तक्रार नेमकी तिथेच येते. आपल्याला कोणते नमुने तपासायचे आहेत, किती सूक्ष्म प्रमाणापर्यंत, दिवसाला किती, हे आधी लिहावे आणि त्यातून पंपाच्या प्रवाहाची अचूकता, डिटेक्टरचा नॉइज (नमुना नसतानाही दिसणारी चढउतार), ऑटोसँपलरमधील (नमुने आपोआप भरणाऱ्या भागातील) कॅरीओव्हर (मागच्या नमुन्याचा पुढच्यात उतरणारा अंश) यांच्या मर्यादा ठरवाव्यात. हमीची मुदत यंत्र बसवून चालू करून दिल्याच्या तारखेपासून मोजली जाईल, तक्रारीनंतर ४८ तासांत अभियंता येईल, यंत्र ठरावीक दिवसांपेक्षा अधिक बंद राहिल्यास हमी तितकी वाढेल, या अटी स्पष्ट शब्दांत हव्यात. हमी संपल्यानंतरच्या सर्वसमावेशक देखभाल कराराचा, म्हणजे सीएमसीचा, दर याच निविदेत मागवावा आणि तुलना करताना तो यंत्राच्या किमतीत मिळवावा. तसे केले जाईल हे निविदेतच लिहिलेले असले पाहिजे. साध्या वार्षिक देखभाल करारात, म्हणजे एएमसीत, बहुधा अभियंत्याची फेरी आणि मजुरी तेवढी असते, सुटे भाग वेगळे. तीन निविदांचा क्रम केवळ या एका रकान्याने उलटू शकतो.

वीस लाखांत कर धरलेला आहे का, हेही पाहावे. सार्वजनिक संशोधन संस्थांना वैज्ञानिक उपकरणांवर नोव्हेंबर २०१७ पासून पाच टक्के सवलतीचा जीएसटी होता. १८ जुलै २०२२ पासून ती सवलत गेली आणि दर अठरा टक्क्यांवर आला. मूळ किंमत वीस लाख असेल, तर पूर्वी एकवीस लाखांत येणारे यंत्र आता तेवीस लाख साठ हजारांना पडते. जुन्या अर्जाचा मसुदा पुढे ओढून नवा अर्ज करणाऱ्यांचा अंदाज येथे चुकतो, आणि हा फरक शेवटी बहुधा ऑटोसँपलर वगळून भरून काढला जातो.

आपण न विचारलेली एक गोष्टही येथे लिहितो, कारण पुढची अडचण तीच आहे. मिनिटाला एक मिलिलिटर प्रवाहाने दिवसाचे आठ तास यंत्र चालले, तर ४८० मिलिलिटर द्रावण लागते. त्यात निम्मे द्रावक, म्हणजे अ‍ॅसिटोनायट्राइल धरले, तर वर्षाच्या दोनशे दिवसांत ४८ लिटर, म्हणजे अडीच लिटरच्या वीस बाटल्या. शिवाय कॉलम (घटक जिच्यात वेगळे होतात ती नळी), तिच्या संरक्षणाचा गार्ड कॉलम, डिटेक्टरचा ड्युटेरियम दिवा, फिल्टर, यूपीएसच्या बॅटऱ्या, आणि तितक्याच द्रावणाचा घातक कचरा अधिकृत संस्थेकडून उचलून नेण्याचा खर्च. अ‍ॅसिटोनायट्राइल हे मुख्यतः अ‍ॅक्रिलोनायट्राइलच्या उत्पादनातून मिळणारे उपउत्पादन आहे. त्यामुळे अ‍ॅक्रिलिक धाग्यांची आणि प्लॅस्टिकची मागणी घसरली की प्रयोगशाळांना द्रावक मिळेनासे होते. २००८-०९ मध्ये जगभर तसे झाले होते. कंझ्युमेबलच्या, म्हणजे वापरून संपणाऱ्या वस्तूंच्या, मंजूर रकमेतून हे सर्व भागते का, याचा हिशेब यंत्राची ऑर्डर देण्यापूर्वी मांडावा. यंत्राच्या शीर्षातील पैसे द्रावकाकडे वळवायचे, तर अनुदान देणाऱ्या संस्थेची पूर्वपरवानगी लागते.

खरेदीच्या मर्यादांविषयीही बराच गोंधळ दिसतो. केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियम २०१७ मध्ये वैज्ञानिक खात्यांच्या संस्थांसाठी जून २०२५ मध्ये सवलती वाढवण्यात आल्या: कोटेशनशिवाय खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाख, खरेदी समितीमार्फत पंचवीस लाखांपर्यंत, मर्यादित निविदा एक कोटीपर्यंत. त्या संस्थांच्या संचालकांना आणि कुलगुरूंना जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलबाहेर वैज्ञानिक खरेदी करण्याची मुभाही मिळाली. आपले विद्यापीठ मात्र राज्याचे आहे. पैसा केंद्राचा असला तरी खरेदीला कोणते नियम लागू आहेत, हे मंजुरीपत्रातील अटी आणि विद्यापीठाचे स्वतःचे खरेदी नियम एकत्र वाचूनच ठरते. वर्तमानपत्रातील बातमीचे कात्रण लेखापरीक्षकाला चालत नाही.

प्रश्न: आमच्या शाळेच्या उच्च माध्यमिक विभागात प्रयोगशाळेसाठी दरवर्षी थोडी रक्कम मिळते आणि ती मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात खर्च करावी लागते. मुख्याध्यापक म्हणतात, काहीही घ्या पण बिल लावा. काय घ्यावे? (प्रयोगशाळा सहायक, दांडिया बाजार)

मार्चमधील ही धावपळ इतकी अंगवळणी पडली आहे की ती नियमाविरुद्ध आहे हेच विस्मरणात जाते. केंद्राच्या वित्तीय नियमांत वर्षाच्या अखेरच्या महिन्यांतील खर्चाची घाई हा वित्तीय औचित्याचा भंग मानला आहे. शाळेपुरता उपाय मात्र साधा आहे: डिसेंबरातच यादी आणि कोटेशने तयार ठेवावीत, म्हणजे पैसे हाती येतील त्या दिवशी ऑर्डर निघते.

यादीत सर्वांत वर, जे फुटते आणि संपते ते ठेवावे: परीक्षानळ्या, ब्युरेटचे स्टॉपकॉक, पिपेट, निर्देशके, लिटमस. दहा मिलिलिटरच्या ए वर्गाच्या पिपेटला ०.०२ मिलिलिटरपर्यंतची चूक चालते, बी वर्गाला ०.०४ पर्यंतची. विद्यार्थ्यांच्या टायट्रेशनला बी वर्ग पुरेसा आहे. ए वर्गाच्या दोन पिपेट प्रमाण द्रावणे करण्यासाठी कपाटात वेगळ्या ठेवल्या की काम भागते. रसायनांचेही तेच: सगळी एआर (विश्लेषणासाठीच्या अधिक शुद्ध) प्रतीची मागवू नयेत, बहुतेक प्रयोगांना एलआर (साधी प्रयोगशाळा प्रत) चालते. सिल्व्हर नायट्रेट महाग आहे आणि उजेडात खराब होते, तेव्हा ते पंचवीस ग्रॅमच्या लहान, गडद बाटलीतच घ्यावे. पाव किलोची बाटली ग्रॅममागे स्वस्त पडते, असे विक्रेता सांगेल. त्याचे गणित बरोबर असते, पण आपला वापर त्याला ठाऊक नसतो.

प्रश्न: कारेलीबागेत माझी पॅथॉलॉजी लॅब आहे. एक कंपनी बायोकेमिस्ट्री अ‍ॅनालायझर विनामूल्य बसवून द्यायला तयार आहे. चाचणीमागे चाळीस रुपये रिएजंटचे (चाचणीच्या रसायनांचे) द्यायचे. हा व्यवहार करावा का? (डॉक्टर)

यंत्राची किंमत रिएजंटच्या दरात वाटून घेतलेली आहे, एवढे गृहीत धरून करार वाचायला बसावे. तो वाईटच असतो असे नाही. नव्या लॅबला भांडवल अडकवावे लागत नाही आणि दुरुस्तीची जबाबदारी कंपनीची राहते.

पहिली पाहायची ती किमान चाचण्यांची अट. महिन्याला किमान दीड हजार चाचण्या ठरल्या आणि आपल्याकडे नऊशेच झाल्या, तरी साठ हजार रुपये द्यावेच लागतात, म्हणजे प्रत्येक चाचणी सुमारे सदुसष्ट रुपयांना पडते. दुसरी गोष्ट, मोजणी कशाची होते? रोजचे कंट्रोल (उत्तर आधीच ठाऊक असलेले नमुने), कॅलिब्रेशन आणि पुन्हा लावलेले नमुने यांनाही रिएजंट लागतेच. कमी येणाऱ्या चाचण्यांचे किट यंत्रावर उघडल्यानंतर ठरावीक दिवसांतच वापरावे लागते, उरलेले फेकावे लागते. म्हणून दर रुग्णाच्या हाती दिलेल्या अहवालामागे ठरवून घ्यावा आणि वाया जाणाऱ्या रिएजंटचा भार कोणावर, हे लिहून घ्यावे. यंत्र बंद प्रणालीचे असेल, तर दुसऱ्या कंपनीचे रिएजंट चालत नाही. मग तीन वर्षांत दर किती वाढू शकतो, यावर कमाल मर्यादा हवीच.

कराविषयी एक सूचना. रोगनिदान सेवेला जीएसटी माफ असल्याने रिएजंटवर भरलेल्या कराची वजावट आपल्याला मिळत नाही, तो खर्चातच जातो. रोगनिदानाच्या किट आणि रिएजंटवरील दर २२ सप्टेंबर २०२५ पासून बारावरून पाच टक्क्यांवर आला आहे. कंपनीने दाखवलेले चाळीस रुपये करासह आहेत की करावेगळे, आणि ते त्या तारखेपूर्वीच्या दरपत्रकातले आहेत का, हे विचारावे.

प्रश्न: मकरपुऱ्यातील आमच्या छोट्या औषध कारखान्याच्या क्यूसीसाठी (गुणवत्ता तपासणीसाठी) वापरलेले एचपीएलसी निम्म्या किमतीत मिळत आहे. घ्यावे का? (भागीदार)

सॉफ्टवेअरचा परवाना आपल्या नावावर होणार असेल, त्या मॉडेलचे सुटे भाग मूळ कंपनी अजून देत असेल आणि आयक्यू, ओक्यू, पीक्यू (यंत्र नीट बसले, नीट चालते आणि रोजच्या कामाला उतरते, याच्या लेखी चाचण्या) करून देणारा जबाबदार अभियंता मिळत असेल, तरच. या तिन्हींपैकी एक जरी लेखी मिळत नसेल तर घेऊ नये. मूळ डेटा आणि ऑडिट ट्रेल (कोणी केव्हा काय बदलले याची नोंद) दाखवता न येणारे यंत्र तपासणीच्या दिवशी असून नसल्यासारखे असते. कराच्या बाबतीत आपली स्थिती वरच्या प्राध्यापिका आणि डॉक्टर या दोन्ही पत्रलेखकांपेक्षा बरी आहे: यंत्रावरील जीएसटीची वजावट आपल्याला मिळते, तेव्हा नव्या आणि जुन्या यंत्राची तुलना कर वगळून करावी.

प्रश्न: शुद्ध अल्कोहोलसाठी पुरवठादार परवाना मागतो. पाचशे मिलिलिटरसाठीसुद्धा? (संशोधक विद्यार्थी, फतेहगंज)

होय. गुजरातेत १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि प्रयोगशाळेसाठी शुद्ध अल्कोहोल घेण्यास व बाळगण्यास नशाबंदी व आबकारी खात्याचा परवाना लागतो. तो संस्थेच्या नावे निघतो, विद्यार्थ्याच्या नव्हे. आपल्या विभागाच्या किंवा शेजारच्या विभागाच्या स्टोअरकडे तो आधीच असण्याचा संभव आहे, तेव्हा प्रथम तेथे चौकशी करावी. सरकारची नजर या द्रव्यावर किती आहे, हे जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पातही दिसले. प्रयोगशाळेची रसायने या शीर्षाखाली अल्कोहोल आयात होऊ नये म्हणून त्या संपूर्ण शीर्षावरील सीमाशुल्क दहा टक्क्यांवरून एकदम दीडशे टक्के केले गेले, आणि संशोधकांनी ओरड केल्यावर १ ऑगस्टपासून प्रत्यक्ष वापर करणाऱ्यांसाठी अटींसह पुन्हा दहा टक्क्यांवर आणले गेले. परवान्यासोबत आवक, वापर आणि शिल्लक यांची नोंदवही ठेवावी लागते. ती रोजच्या रोज भरावी, कारण तपासणीस येणारा अधिकारी प्रथम बाटलीतली पातळी आणि वहीतला आकडा ताडून पाहतो.