बॉनेटचा स्विच आणि पहाटेचा भोंगा

पाऊस ओसरला की आमच्याकडे गाडीच्या अलार्मच्या तक्रारींचा मोसम सुरू होतो. यंदाही तेच झाले. बहुतेक प्रश्न फिरून एकाच वस्तूपाशी येतात. बॉनेट उघडले की अलार्मला खबर देणारा, अंगठ्याएवढाही नसलेला स्विच. त्यातले काही प्रश्न या वेळी घेतो.

आमची गाडी रात्री अंगणात असते. पहाटे तीन-चारच्या सुमारास अलार्म आपोआप कोकलतो आणि शेजारी उठून बसतात. दुपारी मेकॅनिककडे नेली की सगळे ठीक. तो म्हणतो, अख्खे अलार्म युनिट बदला. बदलू का? (देवबाग, मालवण)

इतक्यात नको. दुपारी बरी आणि पहाटे बिघडलेली गाडी म्हटल्यावर माझा पहिला संशय दमटपणावर जातो. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून स्वतःच विरघळते. एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र असलेल्या तुमच्या गावात रात्री तेवढी आर्द्रता सहज असते. स्विचवर बसलेली खारी पुटे पहाटे ओली होतात आणि उन्हे वर आली की सुकतात.

कंपनीचा नसून बाहेरून बसवून घेतलेल्या बहुतेक अलार्मचा बॉनेट स्विच एका वायरचा असतो. बॉनेट उघडले की त्याखाली दबलेली स्विचची दांडी वर येते, वायर गाडीच्या बॉडीला म्हणजे अर्थला टेकते आणि भोंगा वाजतो. वायर आणि बॉडी यांच्यामध्ये खारे पाणी आले तर तेही थोडी वीज वाहून नेते, आणि अलार्मच्या डब्याला तेवढी गळती पुरते. त्याला वाटते बॉनेट उघडले.

मल्टिमीटर 'बीप'वर ठेवून तपासले तर हा दोष सापडणार नाही, कारण बीप अगदी कमी रोधालाच वाजते. पहाटेच, ऊन पडायच्या आत तपासा. स्विचची वायर सोडवा, मीटर 200 किलो-ओहमच्या रेंजवर लावा, दांडी बोटाने दाबून धरा आणि एक टोक स्विचच्या पिनेला, दुसरे बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. आकडा यायलाच नको. पाच-दहा किलो-ओहम दिसले तर चोर सापडला. मीटर नसेल तर एका वायरचा हा स्विच दोन-तीन रात्री सोडवून ठेवा. वायरच्या उघड्या टोकाला टेप लावा, ते कुठेही टेकता कामा नये. शांत झोप लागली तर युनिटचे पैसे वाचले.

शेजाऱ्यांचा राग मात्र रास्त आहे. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत निवासी भागासाठी 45 डेसिबलची मर्यादा आहे. गाडीचा भोंगा तिच्या कितीतरी वर जातो.

स्विच खराब आहे हे नक्की झाले. घरी बदलता येईल का? स्क्रू इतका गंजलाय की हात लावायची भीती वाटते. (गुहागर)

दांडीचा साधा स्विच असेल तर जरूर येईल. काही गाड्यांत मात्र हा स्विच बॉनेटच्या लॉकमध्येच बसवलेला असतो आणि लॉकसकट बदलावा लागतो. ते काम वर्कशॉपचे. आधी पुढच्या जाळीमागे लॉककडे पाहा. तिथे कपलर (वायर जोडायचा प्लास्टिकचा सांधा) लावलेली वायर जात असेल तर तुमची गाडी त्या जातीची.

इग्निशन बंद, किल्ली घरात. स्मार्ट की असेल तर ती खिशात ठेवून काम करू नका. दहा मिनिटे जाऊ द्या, मग दहाच्या पान्याने बॅटरीचा निगेटिव्ह काढा. काही सायरनमध्ये स्वतःची छोटी बॅटरी असते, तो या क्षणी ओरडू शकतो. अशा सायरनला बंद करायची वेगळी किल्ली असते, ती आधीच शोधून ठेवा.

स्क्रूवर गंज सोडवणारे तेल टाका आणि चहा पिऊन या. घाई केली तर डोके तुटते आणि अर्ध्या तासाचे काम अर्ध्या दिवसावर जाते. स्विच बाहेर आला की वायर लगेच ओढू नका. तिला आधी दोरा बांधा, नाहीतर ती पत्र्याच्या पोकळीत गडप होते आणि मग टॉर्च घेऊन शोधत बसावे लागते.

खरे काम इथून पुढे. स्विच जिथे बसतो तो पत्रा पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासा. एका वायरच्या स्विचला अर्थ याच पत्र्यातून मिळते. गंजावरच नवा स्विच ठोकला तर बॉनेट उघडले तरी अलार्म गप्प राहतो. एकाच गंजामुळे कुणाचा भोंगा थांबत नाही आणि कुणाचा वाजतच नाही, ते यामुळे. पुष्कळ जण तेव्हा नव्या स्विचला नावे ठेवतात आणि दुकानदाराशी भांडायला जातात. स्क्रू आवळून झाल्यावर उघड्या पत्र्यावर रंगाचा हात फिरवा, कपलरमध्ये सिलिकॉन ग्रीस भरा. डब्लूडी-40 वर विसंबू नका. त्या नावातले 'डब्लूडी' म्हणजे पाणी हटवणे, आणि तेवढे काम ते चोख करते, पण उडून जाते. पावसाळाभर टिकणारे ते संरक्षण नव्हे.

वायर जोडावी लागली तर पीळ देऊन काळी टेप गुंडाळायचा प्रकार आपल्या हवेत टिकत नाही. सोल्डर करा आणि वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक (गरम केली की आवळणारी) नळी चढवा. वायरला कपलरच्या आधी खाली झोल द्या, म्हणजे पाणी तिथूनच गळून जाईल.

बॅटरी जोडून झाली की चाचणी. एकाने दांडी बोटाने दाबून धरायची, दुसऱ्याने रिमोटने गाडी लॉक करायची. अर्धा मिनिट थांबून बोट सोडा. भोंगा वाजलाच पाहिजे. कानाला त्रास होतो, पण याहून पक्की चाचणी नाही. बॅटरी काढल्यामुळे घड्याळ आणि काही गाड्यांत काचांचे ऑटो-अप विसरते, ते मॅन्युअल पाहून पुन्हा शिकवावे लागते.

म्हैस आडवी आली, समोरून गाडी ठोकली गेली. डेंटिंग-पेंटिंग झाले, पण आता लॉक केल्यावर अलार्म लागतच नाही, डॅशबोर्डवर बॉनेट उघडे दाखवतो. स्विच नवा टाकला तरी तेच. (वेंगुर्ले)

स्विच निर्दोष दिसतो, बॉनेटच वर बसले असावे. डेंटिंगनंतर दोन-चार मिलिमीटरचा फरक सहज राहतो आणि दांडी पुरती दबत नाही. घरून कणकेचा छोटा गोळा आणा, दांडीच्या टोकावर ठेवा, बॉनेट नेहमीसारखे बंद करून उघडा. गोळा चपटा झालाच नसेल तर पत्रा दांडीपर्यंत पोचत नाही. चपटा झाला असेल तर उरलेली जाडी म्हणजे दांडी आणि पत्रा यांच्यातले अंतर. बॉनेटच्या कोपऱ्यांत खालून रबरी बफर असतात, ते फिरवून खाली-वर होतात. दोन्ही बाजू सारख्या फिरवा. तेवढ्याने भागले नाही तर लॉकची जागा सरकवावी लागेल, आणि ते डेंटिंगवाल्याकडूनच करून घ्या. त्याचेच काम अर्धवट राहिले आहे. स्विचखाली वॉशर घालून उंची वाढवायचा सल्ला कुणी देईल, पण बॉनेट वाकडे असेल तर ते पुढे-मागे दुसऱ्या कुरबुरी काढणारच.

दाभोळ–धोपावे फेरीबोटीवर दर वेळी अलार्म वाजतो. हाही बॉनेटचा स्विच का? (दापोली)

नाही. बोटीच्या इंजिनाची थरथर आणि शेजारून चढणारा ट्रक, यांनी धक्क्याचा सेन्सर जागा होतो. बाहेरून बसवलेल्या अलार्ममध्ये त्याची संवेदनशीलता कमी करायचा छोटा स्क्रू असतो. भाऊचा धक्का ते मांडवा या 2020 साली सुरू झालेल्या रो-रो सेवेने जाणाऱ्यांनाही हेच लागू. दाभोळची खाडी ओलांडायला लागतो तो वेळ किती! गाडीपाशीच उभे राहा आणि लॉक करू नका.

बॉनेट तर आतूनच उघडते, मग हा स्विच हवाच कशाला? स्विच वगळून वायर थेट जोडून कायमची कटकट मिटवायचा विचार आहे. एरवी मी मुंबईत असतो, गाडी गावी. (सावंतवाडी)

चाकरमान्यांकडून हा प्रश्न नेहमी येतो. बॉनेटची केबल बाहेरून ओढणारे असतात, आणि बॉनेट उघडले की बॅटरी व सायरन हाताशी येतात. बंद घराच्या आवारात उभ्या गाडीचा तेवढा एक पहारा तुम्ही उठवताय. इमोबिलायझर वेगळा, तो किल्लीतली चिप पाहतो आणि चालूच राहतो, पण त्याला भोंगा नाही.

याहून मोठी अडचण दुसरी आहे. सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करणाऱ्या गाड्यांपैकी अनेकांत संगणक याच स्विचकडे पाहतो. बॉनेट उघडे दिसले की तो इंजिन स्वतःहून सुरू करत नाही. वायर जोडून तुम्ही त्याला बॉनेट कायम बंद असल्याचे खोटेच सांगता. इंजिन आपोआप थांबलेले आहे, कुणीतरी बॉनेट उघडून पट्ट्याजवळ हात घातला आहे आणि तेवढ्यात ते सुरू झाले, तर बोटे जातील. अशा गाडीत ही वायर मी कुणालाही जोडू देणार नाही.

जुन्या गाडीतला, बाहेरून बसवलेल्या अलार्मचा एका वायरचा स्विच असेल तर चतुर्थीला येईपर्यंत तो सोडवून ठेवा. आधी सांगितले तसे टोक टेपने बंद करून बाजूला बांधा. अलार्म दारांपुरता चालू राहील. दोन वायरचा असेल तर सोडवूही नका आणि जोडूही नका, कारण काही गाड्यांत सोडवले की बॉनेट उघडे समजते आणि काहींत बंद. तो बदलूनच घ्या. आणि जाताना बॉनेट उघडून उंदरांनी वायरी कुरतडल्या नाहीत ना, एवढे पाहून जा.