समुद्राच्या पाण्यात गाडी बुडाली तर इन्शुरन्स मिळतो का?

तुमची हकीकत आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. बडोद्याहून सुरतजवळच्या डुमसच्या किनाऱ्यावर गेलात, ओहोटी होती म्हणून डिझेल एसयूव्ही वाळूवर उतरवली. परत फिरवताना मागची चाकं रुतली, मदत येईपर्यंत भरती आली आणि पाणी सीटच्या वर गेलं. शेवटी ट्रॅक्टरने ओढून काढलीत. पॉलिसी फुल आहे, झिरो डेप (घसारा न कापण्याची जोड) आहे, इंजिन प्रोटेक्ट (इंजिनाचं वेगळं कव्हर) घेतलेलं नाही. आणि एजंट म्हणतोय, ‘पावसाच्या पाण्यात बुडाली असं लिहा, पास होऊन जाईल.’

मी मकरपुऱ्याच्या बाजूला एका वर्कशॉपमध्ये क्लेमचं काम बघते. एजंटचं ऐकू नका. बडोद्यात पुराचे क्लेम कुणालाच नवे नाहीत, ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री शहरात शिरली तेव्हा वर्कशॉपांच्या बाहेर रस्त्यावर गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या. तशी गाडी आणि समुद्रातून आलेली गाडी शेजारी उभी करा, नवशिका पोरगासुद्धा ओळखेल. पुराचा गाळ काळपट, चिकट. कार्पेटखाली त्याचा पापुद्रा धरतो. समुद्राचं पाणी वाळलं की सीटबेल्टच्या पट्ट्यावर आणि बोल्टच्या डोक्यांवर पांढरी पूड उरते, चासिसच्या भोकांतून दिवसेंदिवस वाळू गळत राहते. तरी शंका राहिलीच, तर धुवणाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले की मिठामुळे दाट पांढरा साका खाली बसतो. खोटं सापडलं तर जो क्लेम कदाचित मिळाला असता तोही जाईल.

मुळात खोट्याची गरजच नाही. खासगी गाडीच्या ठरावीक पॉलिसीत पाणी खारं की गोडं असा भेद कुठेही नाही. आग, चोरी, भूकंप, पूर, वादळ, चक्रीवादळ, दरड अशी यादी आहे आणि त्यातच ‘बाह्य कारणाने झालेला अपघात’ हे एक कलम आहे. रोजची भरती म्हणजे पूर नव्हे, त्यामुळे पुराच्या कलमाखाली तुमचं जमणं कठीण. तुमचा क्लेम अपघाताच्या कलमाखाली मांडायचा: गाडी रुतली, निघेना, पाणी चढलं. पाणी आपणहून गाडीपर्यंत आलं, का तुम्ही गाडी पाण्यात घातली, विमा कंपनी शेवटी एवढंच विचारते. जून २०२४ मध्ये कच्छात मुंद्र्याजवळ रीलसाठी दोन थार लाटांत घातल्या होत्या आणि त्या तिथेच अडकल्या, तो व्हिडिओ तुम्ही पाहिलाच असेल. तसल्या प्रकाराला अपघात म्हणवून घेणं कठीण आहे, कारण गाडीची वाजवी काळजी घेण्याची अट पॉलिसीतच आहे. निष्काळजीपणा आणि मुद्दाम केलेलं धाडस यांत फरक आहे. विमा निष्काळजी माणसाचाही असतो, नाहीतर कुणाचेच क्लेम लागले नसते. तेव्हा मित्रांच्या फोनमध्ये लाटांतून गाडी पळवल्याचे व्हिडिओ असतील, तर ते कंपनीलाही सापडतील हे धरून चाला.

निवेदनात वेळा नीट लिहा. खंभातच्या आखातातली भरती देशातल्या सगळ्यात मोठ्या भरत्यांपैकी आहे, भावनगरला पाणी दहा मीटरच्या आसपास चढतं. डुमस या आखाताच्या तोंडाशी आहे. तिथली वाळू सपाट, त्यामुळे पाणी लांब जातं आणि परत येतं तेव्हा माणसाला पळायला लावतं. भरतीचं वेळापत्रक सर्व्हेअरला (कंपनीतर्फे नुकसान तपासणाऱ्याला) एका मिनिटात मिळतं. तुमच्या फोटोंच्या वेळा त्याच्याशी जुळल्या तर तेच तुमच्या बाजूचं बोलतं. डुमसच्या किनाऱ्यावर गाडी नेण्यावर पोलिसांची बंदी आहे, हा मुद्दा कंपनी काढेल. दंड झाला असेल तर पावती लपवू नका. असा नियमभंग अपघाताच्या मुळाशी नसेल तर सगळाच क्लेम शून्य करता येत नाही, थोडा कापून उरलेला द्यावा लागतो, अशी सुप्रीम कोर्टाची २०१० ची भूमिका आहे. ते प्रकरण खासगी गाडी भाड्याने दिल्याचं होतं. तुमच्या बाबतीत मात्र बंदी मोडली म्हणूनच गाडी पाण्यात गेली असं कंपनी म्हणू शकते, तेव्हा याच्या भरवशावर राहू नका.

आता इंजिन. झिरो डेपने फक्त घसाऱ्याची कपात थांबते. रबर, प्लास्टिकवर एरवी ५० टक्के कापतात, धातूच्या भागांवर वयाप्रमाणे, ते वाचतं. पण इंजिनात पाणी जाऊन कनेक्टिंग रॉड वाकला तर ‘परिणामी नुकसान’ म्हणून नकार येतो, आणि तेवढ्यासाठीच इंजिन प्रोटेक्ट असतं. तुमच्याकडे ते नाही. म्हणून सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: गाडी काढल्यावर कुणी स्टार्टर मारला का? मारला नसेल तर इंजिन वाचण्याची शक्यता चांगली आहे, इंजेक्टर काढून पाणी बाहेर काढता येतं. डिपस्टिकवरचं तेल दुधाळ दिसत असेल तर चावीला हातच लावू नका.

पण समुद्रात बुडालेल्या गाडीत खरा खर्च इंजिनापेक्षा वायरिंगचा असतो, आणि एजंटला ते माहीत नसतं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. त्यातून वीज सहज वाहते, म्हणून बॅटरी जोडलेली असताना कपलरच्या (वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या सांध्याच्या) पिना आतल्या आत कुरतडल्या जातात. आम्ही डाव्या सीटखालचा कपलर उघडतो तेव्हा वरून प्लास्टिक स्वच्छ असतं आणि आत एखादी पिन हिरवट भुकटी होऊन बसलेली असते, बोटाने टेकवली तरी तुटते. पहिल्या आठवड्यात सगळं चालतं. मग महिन्याभराने एअरबॅगचा दिवा लागतो, पॉवर विंडो बंद पडते, एबीएस जातं. तेव्हा कंपनी म्हणते, हा इलेक्ट्रिकल बिघाड, हा गंज, हे पॉलिसीत नाही. आणि त्या दिवशी तिचं म्हणणं कागदावर बरोबरच असतं. इलाज एकच, पहिल्याच सर्व्हेत हार्नेस (वायरिंगचा जुडगा), कंट्रोल युनिटं, व्हील बेअरिंग, ब्रेक कॅलिपर, अल्टरनेटर उघडून तपासायला लावायचे आणि ‘खाऱ्या पाण्याने बाधित’ असा शेरा लिहून घ्यायचा.

आता पेच. सर्व्हेअर म्हणतो गाडीला हात लावू नका, आणि मीठ तर थांबत नाही. पॉलिसी दोन्हीकडून बोलते: पुरावा राहू द्या, आणि नुकसान वाढू देऊ नका. मी लोकांना सांगते ते असं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. पाण्याची रेघ कुठवर आली ते दाराच्या आतल्या बाजूला फूटपट्टी धरून फोटोत घ्या. क्लेम नंबर घ्या. मग कंपनीला ईमेल टाका की गोड्या पाण्याने खालून आणि इंजिन बे धुण्याची परवानगी द्या, उशीर झाल्यास वाढलेल्या नुकसानीला जबाबदार कोण ते कळवा. या एका ओळीने सर्व्हेअर दुसऱ्याच दिवशी आलेला मी पाहिलाय. फोनवर बोलू नका, ईमेलच. नुकसान ५० हजारांच्या वर असेल तर परवानाधारक सर्व्हेअर लागतोच. त्याच्या रिपोर्टची प्रत मागून घ्या.

इलेक्ट्रिक गाडी असलेल्यांसाठी एकच गोष्ट: खारं पाणी बॅटरीपर्यंत गेलं असेल तर चार्जिंगला लावू नका आणि घराखाली उभीसुद्धा करू नका. फ्लोरिडात २०२२ च्या इयान वादळानंतर खाऱ्या पाण्यात बुडालेल्या अशा गाड्या पुढे पेटल्या होत्या.

पाणी सीटच्या वर गेलंय, त्यामुळे एस्टिमेट मोठं येईल. दुरुस्ती आयडीव्हीच्या (पॉलिसीत लिहिलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांच्या वर गेली तर गाडी टोटल लॉस धरतात. आयडीव्ही १२ लाख असेल तर ही रेघ ९ लाखांवर. मग घसारा वगैरे काही नाही, सक्तीची कपात वजा होऊन आयडीव्ही मिळते (१५०० सीसीच्या वर २ हजार), कर्ज असेल तर आधी बँकेचं. खरं सांगायचं तर समुद्रात पूर्ण बुडालेली गाडी दुरुस्त करून वापरण्यापेक्षा टोटल लॉस परवडतो. वर्कशॉपमध्ये असून हे म्हणतेय. उलट पाणी नुसतं चाकांपर्यंत आलेलं असेल तर क्लेम न करता बेअरिंग-ब्रेकचं काम खिशातून करा, क्लेम केला की ५० टक्क्यांपर्यंतचा नो क्लेम बोनस (क्लेम नसल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो, ते त्याहून महाग पडतं.

नकार आलाच तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्या. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर अहमदाबादच्या विमा लोकपालाकडे वर्षाच्या आत जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही. ग्राहक आयोगासाठी दोन वर्षं असतात.

ट्रॅक्टरवाल्याला रोख दिलेत, त्याची साधी चिठ्ठी तरी घ्या, तारीख-वेळ आणि गाडी नंबरसकट. टोइंगचे पैसे मूळ पॉलिसीत १,५०० पर्यंतच मिळतात, पण गाडी किती वाजता आणि कुठून निघाली याला ती चिठ्ठी साक्ष आहे. आणि वर्कशॉपच्या एस्टिमेटमध्ये हार्नेस आलाय का ते बघितल्याशिवाय सही करू नका.