पथ्यपाणी : वाचकांचे प्रश्न, आहारतज्ज्ञांची उत्तरं

प्रश्न : वडिलांच्या पश्चात त्यांचं कपाट आवरताना ‘लेट्स गेट वेल’ नावाचं जुनं इंग्रजी पुस्तक सापडलं. लेखिका ॲडेल डेव्हिस. पानोपानी पेन्सिलीच्या खुणा आहेत. आई सांगते, घरात यीस्टची पावडर आणि मोड आणलेला गहू या पुस्तकामुळेच आला. या बाई कोण होत्या? त्यांचं ऐकावं का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : पुस्तक जपून ठेवा. फक्त पुस्तकांच्या कपाटात ठेवा, औषधांच्या नको.

गेल्या शतकात अमेरिकेत आहारावर लिहिणाऱ्यांत या बाईंइतका खप क्वचितच कुणाच्या वाट्याला आला असेल. जन्म १९०४चा, इंडियानातल्या शेतकरी घरातला. आई त्या तान्ह्या असतानाच गेली. पुढे कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठातून १९२७ साली पदवी, न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात आहारशास्त्राचं प्रशिक्षण, नंतर जीवरसायनशास्त्रात एम.एस. हे सगळं मुद्दाम सांगतेय. भलता सल्ला फक्त अर्धशिक्षित माणूस देतो अशी आपली एक गोड समजूत असते. बाई चांगल्या शिकलेल्या होत्या. डॉक्टर त्यांच्याकडे पेशंट पाठवायचे.

१९४७ ते १९६५ या काळात त्यांची चार पुस्तकं गाजली : स्वयंपाकावर एक, बाळांच्या आहारावर एक, निरोगी राहण्यावर एक आणि आजारातून उठण्यावर एक. हे शेवटचं तुमच्या हातात आहे. सगळ्या मिळून एक कोटीहून अधिक प्रती खपल्या. जॉनी कार्सनच्या टीव्ही कार्यक्रमात त्या दिसायच्या. मधेच, १९६१ साली, एलएसडी हे भास घडवणारं द्रव्य घेतल्याच्या अनुभवांवरही टोपणनावाने एक पुस्तक लिहून झालं. त्याचा आहाराशी संबंध नाही, पण बाईंचा पिंड त्यातून कळतो.

आता त्यांचं काय बरोबर होतं ते आधी. मैद्याचा पांढरा ब्रेड, साखर, डबाबंद पदार्थ यांच्यावर अमेरिका लुब्ध असताना ही बाई कोंड्यासकट धान्य खा, भाज्या शिजवून शिजवून त्यांचा लगदा करू नका, व्यायाम करा असं ठणकावून सांगत होती. आज आम्ही ओपीडीत दुसरं काय सांगतो? तुमच्या आईने मोड आणलेला गहू चालू ठेवला असेल तर बंद करायचं कारण नाही.

घोळ पुढे आहे. जवळजवळ प्रत्येक दुखण्याचं मूळ त्यांना कुठल्या तरी जीवनसत्त्वाच्या कमतरतेत दिसायचं, आणि उपाय म्हणून सांगितलेले डोस मोठे असायचे. क आणि ब गटातली जीवनसत्त्वं जास्त झाली तर बरीचशी लघवीवाटे जातात. अ जीवनसत्त्व तसं नाही, ते यकृतात साठत राहतं. म्हणून तर आपल्याकडे अंगणवाडीत त्याचा डोस नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत मोजून, सहा सहा महिन्यांच्या अंतराने देतात आणि कार्डावर नोंद करतात. चमचाभर जास्त पाजलं तर बाळ जास्त गुटगुटीत होईल, असा तो हिशोबच नाही.

सगळ्यांत वाईट प्रकरण पोटॅशियमचं. पोटात कळ येऊन रडणाऱ्या बाळाला पोटॅशियम क्लोराइड द्यावं, असा सल्ला त्यांच्या बाळांवरच्या पुस्तकात होता. १९७८ साली एका आईने तो पाळला आणि बाळ दगावलं. रक्तात पोटॅशियम लिटरमागे ३.५ ते ५ मिलिमोल एवढ्या अरुंद पट्ट्यात राहावं लागतं. ते फार वर गेलं की हृदयाचे ठोके बिघडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनवलेल्या ओआरएसच्या पुडीतही हेच क्षार असतात, पण एक लिटर पाण्याला दीड ग्रॅम, आणि तेही जुलाबात अंगातून गेलेलं भरून काढायला. बाळ दगावल्यावर खटला झाला, तडजोडीत पैसे दिले गेले, पुस्तक बाजारातून मागे घेऊन दुरुस्त करावं लागलं. बाई तोवर नव्हत्या. ३१ मे १९७४ रोजी, सत्तराव्या वर्षी, अस्थिमज्जेच्या कर्करोगाने त्या गेल्या. यावरून कुत्सितपणे बोलणारे तेव्हाही होते, आजही आहेत. मला ते आवडत नाही. कर्करोग कुणालाही होतो, त्यावरून पुस्तक खोटं ठरत नाही.

पुस्तक तपासायचं असतं ते संदर्भांवरून. तुमच्या प्रतीत मागे संदर्भांची लांबलचक यादी आहे बघा. तिच्यावर भुलून लोक म्हणायचे, बाई पुराव्यानिशी बोलतात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या नामवंत रुग्णालयातल्या एका निवृत्त डॉक्टरांनी चिकाटीने मूळ निबंध काढून पाहिले, तर कित्येक ठिकाणी बाई म्हणतात तसं त्यात काही नव्हतंच. त्याआधी १९६९ साली व्हाइट हाउसने भरवलेल्या आहारविषयक परिषदेतही त्यांच्यावर कडक ताशेरे ओढले गेले होते. खपावर त्याचा ओरखडाही उठला नाही.

वडिलांच्या खुणा डोसच्या आकड्यांवर असतील तर ती पानं आईला वाचून दाखवू नका, एवढंच.

प्रश्न : कमी सोडियमचं मीठ बीपीला चांगलं असं वाचलं. सासऱ्यांना बीपी आहे आणि किडनीही थोडी कमी काम करते. आणू का? (एक सूनबाई, सोलापूर)

उत्तर : त्यांच्यासाठी नको. त्या मिठात सोडियम कमी करून त्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं आणि अशक्त किडनीला तेच बाहेर टाकणं जड जातं. बीपीच्या काही गोळ्यांनीही पोटॅशियम वाढतं. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये या मिठाची शिफारस केली, पण किडनीचे रुग्ण, लहान मुलं आणि गरोदर स्त्रिया यांना वगळून. तुम्ही वाचलंत त्यात हे शेवटचं वाक्य गाळलं असणार. साधंच मीठ वापरा, दिवसाला सगळं मिळून चहाचा एक सपाट चमचा. त्यात शेंगाचटणी, पापड आणि लोणचं धरायचं. सोलापुरात हे सांगणं सोपं नाही, कल्पना आहे मला.

प्रश्न : मुलगी आहारशास्त्रात एम.एस्सी. असून रुग्णालयात नोकरी करते. मोबाइलवरचे तिचे आरोग्याचे व्हिडिओ खूप लोक बघतात. आता नोकरी सोडून पूर्णवेळ हेच लिहिणं-बोलणं करते म्हणते. यात करिअर होतं का? (एक वडील, कराड)

उत्तर : होतं. पण लेखनाच्या मानधनावर नाही, हे तिला ठाऊक असेलच. हा स्तंभ मी आवडीने लिहिते, घर माझं कन्सल्टिंगवर चालतं. पूर्णवेळ लिहिणाऱ्याचा पैसा शेवटी तीन वाटांनी येतो : ऑनलाइन पेशंट, स्वतःचे कोर्स आणि कंपन्यांच्या जाहिराती. तिसरी वाट सगळ्यांत रुंद. प्रोटीन पावडरवाले, काढेवाले, ‘शुगर उतरवणाऱ्या’ पिठाचे पुडे विकणारे दारात उभेच असतात. मधुमेह बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला १९५४च्या कायद्यानेच बंदी आहे, आणि ऑगस्ट २०२३ पासून आरोग्यावर बोलणाऱ्या इन्फ्लुएन्सर मंडळींना आपली पात्रता सांगणं केंद्राने बंधनकारक केलंय. तुमच्या मुलीकडे डिग्री आहे, म्हणून तिचा भाव जास्त लागेल. तिथे सांभाळायचं.

धाडस कसलं करायचं हेही तिने पाहावं. र. धों. कर्वे आपल्याकडचेच. गणिताचा प्राध्यापक माणूस, विल्सन कॉलेजची नोकरी गेली तरी संततिनियमनाचं काम सोडलं नाही. १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं दिली म्हणून १९३४ साली खटला झाला. वकील डॉ. आंबेडकर, तरी निकाल विरोधात गेला आणि दोनशे रुपये दंड झाला. करिअर म्हणून पाहिलं तर सगळा आतबट्ट्याचा व्यवहार.

माझं म्हणणं मात्र वेगळंच आहे. तिने नोकरी पूर्ण सोडू नये. मागे माझ्याकडे कोकणातल्या एक आजी आल्या होत्या. ‘शुगर असेल तर भात आजपासून बंद’ असा कुणाचा तरी व्हिडिओ नातवाने दाखवलेला. आजींनी भात सोडला, इन्सुलिन मात्र होतं तेवढंच टोचत राहिल्या. पहाटे दरदरून घाम, बोलणं बरळल्यासारखं, शेजाऱ्यांनी साखरपाणी पाजून रिक्षात घातलं. वाचल्या. व्हिडिओ करणाऱ्याला हे कधीच कळणार नाही. त्याच्याकडे आजींच्या घरून एक लाइकच गेलेला असेल. पेशंट महिन्याने रिपोर्ट घेऊन समोर येतो, ‘मॅडम, तुम्ही सांगितलं ते जमलं नाही’ म्हणतो. वाचक किंवा प्रेक्षक तसा येत नाही, आणि ज्याचं बिघडलं तो तर नाहीच.

म्हणून रुग्णालयात अर्धवेळ मिळतं का ते आधी विचारू दे. नाहीच मिळालं तर एखाद्या फिजिशियनकडे आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी बसावं, कराडात असे दवाखाने आहेत. बाकी वेळात खुशाल लिहावं. आणि पहिली जाहिरात आली की करारावर सही करण्याआधी त्या डब्यावरचं मागचं लेबल तुम्हाला वाचून दाखवायला सांगा. तुम्हाला समजलं नाही तर प्रेक्षकांनाही समजणार नाही.