फिल्मचा रंग बदलेनासा झाला असेल, तर आधी धुण्याचे पाणी तपासा

ओलाव्याने रंग बदलणारी तुमची द्रवस्फटिकी पॉलिमरची फिल्म पहिल्या दिवशी तोंडाची वाफ देताच हिरव्याची लाल होत होती आणि दोन-तीन वेळा धुतल्यानंतर जेमतेम पिवळसर होऊन थांबते, हे तुम्ही लिहिलेले वाचताच मला माझे वाया गेलेले पाच महिने आठवले. कायरल घटकाचे (रेणूंच्या रचनेला पीळ देणाऱ्या घटकाचे) प्रमाण, अतिनील दिवा, नायट्रोजनखालचे पॉलिमरीकरण हे सारे तुम्ही तपासलेले दिसते, त्यामुळे त्यात शिरत नाही. कोरडी असताना फिल्म अजूनही स्वच्छ हिरवी दिसते, याचा अर्थ रेणूंची सर्पिल रचना शाबूत आहे. बिघडले आहे ते तिचे पाणी शोषणे.

परावर्तित तरंगलांबी म्हणजे सरासरी अपवर्तनांक आणि पिच (सर्पिलाच्या एका पूर्ण वेढ्याची लांबी) यांचा गुणाकार. अपवर्तनांक १.५५ आणि पिच ३५० नॅनोमीटर धरल्यास ५४० च्या आसपासचा हिरवा मिळतो. फिल्म जाडीत २० टक्के फुगली, तर पिच ४२० होतो आणि पाण्यामुळे अपवर्तनांक थोडा उतरला तरी रंग ६३० च्या आसपास, म्हणजे लालात जातो. हे फुगणे आपण फिल्ममधल्या आम्लगटांवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडची प्रक्रिया करून मिळवतो, कारण पोटॅशियमचा क्षार पाणी ओढून घेतो. कॅल्शियमचा आयन मात्र दोन-दोन आम्लगटांना एकत्र धरतो, त्यामुळे जाळे आवळले जाते आणि पाण्याला जागा उरत नाही. कॅल्शियम ओळखणाऱ्या अशा फिल्म याच गुणावर चालतात.

माझी चूक नेमकी इथे झाली. कार्यपद्धतीत ‘पाण्याने धुवावे’ एवढेच लिहिले होते, आणि मी प्रक्रिया झालेली प्रत्येक पट्टी नळाच्या दुष्फेन, म्हणजे कॅल्शियमचे क्षार असलेल्या, पाण्यात खळबळून घेत होतो. ज्या मोजणी केंद्राकडे नमुने पाठवत होतो, त्यांच्या अहवालात ना खोलीची आर्द्रता असे, ना प्रकाशाचा कोन. विचारले की ‘यंत्र व्यवस्थित आहे’ हेच उत्तर मिळे. बाहेरून ३० अंशांनी तिरके मोजले, तरी असा हिरवा जवळजवळ ३० नॅनोमीटर निळ्याकडे सरकतो. त्यामुळे दोन अहवालांतला फरक फिल्मचा की मांडणीचा, हे ठरवण्याचा मार्गच नव्हता. ज्यांच्या हाती मोजणी आहे, त्यांनी या दोन नोंदी टाळणे मला आजही अक्षम्य वाटते. मी मात्र तोवर कायरल घटकाची बाटली दोनदा बदलली होती.

उलगडा झाला तो एका पट्टीमुळे. तिचे एक टोक चिमट्यात असल्याने धुताना पाण्याबाहेर राहिले होते. वाफ देताच तेवढे टोक लालभडक झाले आणि उरलेली पट्टी हिरवीच राहिली. दोन रंगांमधली सीमा पाण्याच्या पातळीची सरळ रेघ होती.

खराब झालेल्या पट्ट्या मी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवून कॅल्शियम काढले, डिस्टिल्ड पाण्याने धुतल्या आणि पुन्हा अल्कलीची, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडची, प्रक्रिया केली. बहुतेक सुधारल्या, सगळ्या नाहीत. तुमचे मिश्रण वेगळे असू शकते, म्हणून हे एखाद्याच तुकड्यावर करून पाहावे. हातमोजे आणि चष्मा हवाच. अल्कलीत पट्टी विसरू नका, कारण रेणूंमधले एस्टर बंध त्यात हळूहळू तुटतात. शिवाय, माझ्या मते, धुण्याच्या पाण्याची नोंद इतर रसायनांइतक्याच काटेकोरपणे वहीत असावी.

हे सारे करण्याआधी एकच खात्री करून घ्या. प्रक्रिया झालेल्या ताज्या पट्टीचे दोन तुकडे करा, एक नळाच्या आणि एक डिस्टिल्ड पाण्यात धुवा, दोन्ही पूर्ण वाळू द्या आणि काळ्या कागदावर शेजारी ठेवून सरळ वरून पाहत एकदम वाफ द्या. नळाच्या पाण्याचा तुकडाच मागे राहिला, तर कारण सापडले. दोन्ही सारखेच मंद असतील, तर माझे निदान तुम्हाला लागू नाही आणि अल्कलीची प्रक्रियाच नव्याने तपासावी लागेल.