विमा मुलीचा काढलात, तुमचा कुठे आहे?

चिंचवडच्या एका वाचकांचं पत्र आहे. वय ४५, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी, हातात पगार १ लाख ५ हजार. पत्नी घर सांभाळतात. मुलगी १६ वर्षांची, अकरावीत. मुलगा ११ वर्षांचा. जिनिव्हाला होणाऱ्या दोन आठवड्यांच्या 'युवा नेतृत्व व राजनय' समर कॅम्पसाठी मुलीची निवड झाली आहे. फी, विमान, व्हिसा धरून खर्च सव्वापाच लाख. तिला परराष्ट्र सेवेत जायचं आहे. ते विचारतात, मुलीच्या नावाची पॉलिसी मोडू, की पत्नीच्या दागिन्यांवर कर्ज काढू?

दोन्ही नको. कॅम्पकडे नंतर येतो, कारण तुमच्या पत्रातल्या एका ओळीने माझी झोप उडाली. तुम्ही लिहिता, 'विम्याची काळजी नाही, मुलीचा आठ लाखांचा विमा आहे.'

अहो, घरात पगार कोण आणतं? तुम्ही. गृहकर्जाचे ३१ लाख कोण फेडतंय? तुम्हीच. आणि तुमच्या आयुष्यावर काय आहे, तर कंपनीचा १० लाखांचा गटविमा, जो नोकरी सुटली की संपतो. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं, तर या पॉलिसीतून घराला एक रुपया मिळणार नाही, कारण विमा मुलीच्या जिवावर आहे. तुम्ही पाठवलेल्या कागदांत प्रीमियम माफीचा रायडरही, म्हणजे पालक गेल्यास पुढचे हप्ते माफ करणारी जोडसोयही, दिसत नाही. म्हणजे पुढचे हप्ते तुमच्या पत्नीनेच भरायचे. अकरा वर्षांपूर्वी बँकेतल्या ज्या माणसाने तुम्हाला ही 'मुलीच्या शिक्षणाची योजना' म्हणून दिली, त्याने एवढा साधा प्रश्नही विचारला नाही याचा मला राग येतो. वर ती पिकते कधी? मुलगी वीस वर्षांची झाल्यावर. कॉलेजचा प्रवेश अठराव्या वर्षी असतो.

किती विमा हवा? घरखर्च महिना ५२ हजार, म्हणजे वर्षाला सव्वासहा लाख. पंधरा वर्षांचे साधारण ९५ लाख. कर्ज ३१ लाख. दोन मुलांचं शिक्षण ३० लाख. बेरीज दीड कोटीच्या पुढे जाते. गटविमा वजा करूनही दीड कोटीचा टर्म प्लॅन, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा निव्वळ विमा, लागेलच, साठाव्या वर्षापर्यंतचा. हप्ता वर्षाला ४० हजारांच्या आसपास धरा. गेल्या वर्षी शुगर निघाली असं तुम्ही लिहिलंय, त्यामुळे थोडा जास्तही लागेल. पण ती शुगर फॉर्मात लिहाच. एजंट 'नाही लिहा, काही होत नाही' म्हणाला, तर एजंट बदला. दावा नाकारला गेला तर कंपनीच्या दारात तुमच्या पत्नीला उभं राहावं लागेल, त्याला नाही. आणि पॉलिसी घेतानाच विवाहित महिला मालमत्ता कायदा, १८७४ खाली घ्या, म्हणजे ते पैसे पत्नी-मुलांचेच राहतात, देणेकऱ्यांना त्यावर हात टाकता येत नाही. हे नंतर करता येत नाही.

आता मुलीची पॉलिसी. वर्षाला ६० हजार, पंधरा वर्षं, शेवटी बोनससह अंदाजे १२ लाख. हा परतावा साडेतीन टक्क्यांच्या आसपास पडतो. पीपीएफच्या आजच्या ७.१ टक्के दराने हेच पैसे १६ लाख झाले असते. योजना वाईटच होती. पण आज मोडणं त्याहून वाईट. अकरा हप्ते भरून झालेत, उरले चार. आज हातात येणारे ५ लाख ६० हजार आणि पुढचे २ लाख ४० हजार यांवर चार वर्षांनी १२ लाख मिळतात. म्हणजे इथून पुढचा परतावा बारा टक्क्यांच्या घरात, बोनस आत्तासारखाच राहिला तर. पडायचा तो फटका तुम्ही आधीच सोसलाय. चालू ठेवा. ते पैसे पुढे तिच्या पदव्युत्तर शिक्षणाला येतील.

घरखर्च, ३१ हजारांचा गृहकर्जाचा हप्ता आणि ही पॉलिसी जाऊन तुमच्याकडे महिन्याला १७ हजार उरतात. टर्म प्लॅनचे साडेतीन हजार काढले की साडेतेरा हजार. ते आवर्ती ठेवीत टाका. दोन वर्षांत तिच्या प्रवेशासाठी सव्वातीन लाखांवर जमतील. शेअर बाजारात नको, मुदत फार कमी आहे. कॅम्पचे सव्वापाच लाख म्हणजे तुमची सुमारे तीन वर्षांची शिल्लक. ती सोनेतारणावर व्याज भरून उभी करायची तर प्रवेशाच्या वेळी तुम्ही पुन्हा कर्जच काढाल.

राहिला कॅम्प. जे पैसे भरतील त्या सर्वांना मिळते ती निवड नव्हे. प्रमाणपत्रावर परदेशी विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळेल, असं त्यांच्या प्रतिनिधीने सांगितलंय ना? ते लेखी मागा, मिळणार नाही. संयुक्त राष्ट्रांची जिनिव्हातली 'पॅले दे नासिओं' ही इमारत तिकीट काढून कोणालाही पाहता येते. आणि परराष्ट्र सेवेचा रस्ता यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेतून जातो. पदवी लागते, वय किमान २१. मुख्य परीक्षा आणि मुलाखत मिळून २०२५ गुण. त्यात समर कॅम्पला एकही नाही. ज्ञानेश्वर मुळे कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुल लाटचे, १९८३ च्या तुकडीतून परराष्ट्र सेवेत गेले आणि न्यूयॉर्कला भारताचे महावाणिज्यदूत झाले.

मुलीची आवड मात्र खरी दिसते, तिला नाही म्हणून गप्प बसवू नका. पुण्या-मुंबईच्या कॉलेजांत मॉडेल युनायटेड नेशन्स, म्हणजे विद्यार्थ्यांच्या अभिरूप संयुक्त राष्ट्र सभा, होतात. काही हजारांत दोन-तीन दिवस दुसऱ्या देशाची बाजू मांडायला शिकता येतं. आणि तिला फ्रेंच लावा. संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांपैकी ती एक आहे, आणि पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट, अलियाँस फ्राँसेज दोन्हीकडे शिकता येते. दोन वर्षं नेटाने शिकली, तर ती भाषा जन्मभर तिच्याजवळ राहील.

कॅम्पच्या आगाऊ रकमेची मुदत शुक्रवारी संपते, असं तुम्ही लिहिलंय. ती संपू द्या. टर्म प्लॅनचा अर्ज मात्र त्याच्या आधी भरा.